वांकलेलें बोट आणि लहान जखम

तापीच्या उत्तरेस, गोमाई नदीच्या कांठीं शहादा हें गांव वसलेलें आहे. मागें सातपुड्याच्या रांगा आणि पुढें तापीचें काळें, सुपीक रान. इंग्रजी अमदानींत हा तालुका खानदेशांत होता. १९०६ सालीं खानदेशाचे दोन भाग झाले तेव्हां तो पश्चिम खानदेशांत गेला, पुढें धुळें जिल्ह्यांत राहिला आणि १ जुलै १९९८ रोजीं नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा झाल्यावर त्यांत आला. जिल्ह्यांचीं नांवें बदललीं, पण या मुलखाचा मुख्य व्यवसाय बदलला नाहीं. कापूस वेंचणें, ऊंस तोडणें, केळीचे घड उतरविणें, मिरची खुडणें, हें सारें हातांचें काम. ‘हातावर पोट’ हा शब्दप्रयोग येथें अक्षरशः खरा आहे.

अशा ठिकाणीं एखाद्याचें बोट वांकून बसलें आणि सरळ होईना, तर तो डॉक्टरला पहिला प्रश्न विचारतो तो रोगाच्या नांवाचा नसतो. “कापावें लागेल का?” एवढेंच त्याला विचारावयाचें असतें. शहरांतील सुशिक्षितांना या प्रश्नांत भित्रेपणा दिसतो. वस्तुतः त्यांत हिशेब असतो. चाकू लागला म्हणजे टांके आले, पट्टी आली, जखम कोरडी ठेवणें आलें. आणि तेवढ्या दिवसांत हंगाम निघून जातो. जिच्या हाताची भाकरी घरांतील सहा माणसें खातात तिलाहि हाच हिशेब करावा लागतो. म्हणून कमींत कमी चिरफाड असलेला उपाय शोधणें ही चैन नसून गरज आहे.

मौजेची गोष्ट अशी कीं, हाच प्रश्न शल्यवैद्यहि गेलीं दोनशें वर्षें स्वतःला विचारीत आले आहेत. त्या शोधाचा इतिहास चाळला म्हणजे एक गोष्ट ठळकपणें दिसते. हत्यारें बारीक झालीं हें खरेंच. पण जखम लहान झाली तिचें मुख्य श्रेय रोग नेमका कोठें बसला आहे या ज्ञानाकडे जातें. आणि हें ज्ञान रुग्ण वेळेवर आला तरच उपयोगी पडतें.

तळहात हा शरीराचा फार दाटीचा प्रदेश आहे. बोटें वांकविणाऱ्या कंडरा, संवेदना वाहून नेणारे मज्जातंतु आणि रक्त पुरविणाऱ्या धमन्या या सर्वांची तेथें बोटभर जागेंत गर्दी झालेली असते. सुश्रुतानें तळहाताच्या मध्यास ‘तलहृदय’ आणि आंगठा व तर्जनी यांच्या मधल्या जागेस ‘क्षिप्र’ असें म्हणून त्यांची गणना मर्मांत केली होती, ती उगाच नव्हे. येथें चाकू केसभर सरकला तर वांकडें बोट सरळ होण्याऐवजीं बधिर होऊन बसावयाचें.

त्यांतून अडचण अशी कीं, वांकलेलीं बोटें वरवर सारखींच दिसतात. पण त्यांच्या मुळाशीं निदान तीन निरनिराळीं कारणें असतात. पहिलें कारण कंडरेच्या वाटेंत असतें. प्रत्येक बोटाच्या मुळाशीं एक चिवट कडें असून कंडरा त्यांतून, कप्पींतून दोर सरकावा तशी, मागेंपुढें सरकते. हें कडें जाड झालें म्हणजे बोट मिटतें, पण उघडतांना अडतें आणि बंदुकीचा चाप सुटावा तसें खट्‌कन् सरळ होतें. दुसरें कारण तळहाताच्या कातडीखालील पडद्यांत असतें. तो पडदा जागोजाग घट्ट होऊन त्याचे दोर बनतात आणि ते बोटाला, बहुधा अनामिकेला व करंगळीला, तळहाताकडे ओढून धरतात. तिसरें कारण मज्जातंतूंत असतें. कुष्ठरोगानें कोपराजवळचा मज्जातंतु निकामी झाला म्हणजे हींच दोन बोटें नखीसारखीं वांकतात.

तिन्हींतील भेद ओळखण्याच्या खुणा साध्या आहेत. खट्‌कन् आवाज करून बोट सुटलें तर दोष कड्याचा. तळहातावर दोर हाताला लागला आणि स्पर्शज्ञान शाबूत असलें तर दोष पडद्याचा. करंगळीच्या बाजूला स्पर्श कळेनासा झाला आणि दुसऱ्या हातानें बोट सहज सरळ करतां येऊं लागलें, तर मज्जातंतूकडे लक्ष गेलें पाहिजे. मात्र या साध्या खुणांपर्यंत पोंचावयास वैद्यकाला कित्येक पिढ्या लागल्या.

१६१४ सालीं बाझल येथील वैद्य फेलिक्स प्लाटर यानें एका गवंड्याच्या वांकलेल्या बोटांची हकीकत लिहून ठेवली. कंडरा आपली जागा सोडून वर आल्या असाव्यात, असा त्याचा तर्क होता. तो तर्क चुकीचा होता, आणि जोंपर्यंत तो खरा मानला जात होता तोंपर्यंत शस्त्रक्रियेचा विचारहि धोक्याचा होता. कारण कंडरा तोडली तर बोट कायमचेंच लुळें पडणार. १७७७ सालीं लंडनच्या हेन्री क्लाइन यानें असे हात मरणोत्तर उघडून पाहिले, तेव्हां कंडरा निर्दोष निघाल्या. गुन्हेगार होता तो वरचा पडदा. त्याचा शिष्य ॲस्टली कूपर यानें १८२२ सालीं सुचविलें कीं, अरुंद पात्याचें टोंकदार हत्यार कातडीखालीं सरकवून तो ताणलेला पट्टा आंतल्या आंतच कापावा. लहान जखमेची कल्पना ती हीच.

पण रोगाला नांव मिळालें तें एका फ्रेंच शल्यवैद्याचें. पॅरिसच्या ओतेल-द्यू रुग्णालयांतील ग्यिओम डुपुइत्राँ यानें १८३१ च्या जून महिन्यांत एका दारूच्या व्यापाऱ्याच्या हातावर शस्त्रक्रिया केली आणि त्याच वर्षीं डिसेंबरांत त्यावर व्याख्यान दिलें. अशाच एका म्हाताऱ्याचा हात त्यानें मृत्यूनंतर तपासला होता. कातडी सोलून काढली तरी बोट वांकलेलेंच राहिलें. पडदा कापतांच तें सरळ झालें. व्यापाऱ्याच्या तळहातावर त्यानें आडवे छेद घेतले, बोटें ताणून बांधून ठेवलीं आणि जखमा उघड्या ठेवून भरूं दिल्या. ईथरची भूल १८४६ सालीं आली. म्हणजे हें सारें रुग्णानें शुद्धीवर राहून सोसलें. हातानें जड काम केल्यामुळें हा रोग होतो असें डुपुइत्राँचें मत होतें. आज त्यांत आनुवंशिकतेचा वांटा मोठा मानतात. उत्तर युरोपांतील लोकांत तो जितका आढळतो तितका भारतांत आढळत नाहीं.

पुढें भूल आली, १८६७ नंतर लिस्टरची जंतुनाशक पद्धति आली आणि शल्यवैद्यांना वेळ व धीर दोन्ही मिळाले. याचा परिणाम मात्र असा झाला कीं, जखमा मोठ्या होऊं लागल्या. तळहात उघडून रोगट पडदा सबंध सोलून काढण्याकडे कल वाढला. लंडनच्या विल्यम ॲडम्सनें या ओघाविरुद्ध जाऊन १८७९ सालीं एक ग्रंथ प्रसिद्ध केला. कातडीखालीं अनेक ठिकाणीं बारीक छेद देऊन पट्टा तोडावा आणि बोट लगेच ताणून बांधावें, असें त्याचें प्रतिपादन होतें. कूपरची कल्पना अशा रीतीनें जिवंत राहिली. शंभर वर्षांनीं, १९७० च्या दशकाच्या अखेरीस, पॅरिसमधील लेर्मुझियो व दबेर यांनीं चाकूहि बाजूला ठेवला. हे दोघे सांधेदुखीचे वैद्य होते. जागा बधिर करून इंजेक्शनाची सुई आंत घालावयाची, तिच्या धारेनें दोर ठिकठिकाणीं कुरतडावयाचा आणि मग बोट ताणून तो तोडावयाचा, अशी त्यांची रीत. टांके नाहींत, रुग्णालयांत मुक्काम नाहीं.

येथें वाचकानें लगेच हर्ष मानूं नये. सुईनें दोर तुटतो, पण रोगट पडदा जागेवरच राहतो. नेदरलंड्समधून २०१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत असें आढळलें कीं, सुईचा उपाय केलेल्यांपैकीं शेंकडा सुमारें ८५ जणांत पांच वर्षांच्या आंत बोट पुन्हां वांकलें. पडदा कापून काढलेल्यांत हें प्रमाण शेंकडा सुमारें २१ होतें. पडदा विरघळविणाऱ्या एका इंजेक्शनालाहि २०१० सालीं अमेरिकेंत मान्यता मिळाली, पण युरोपच्या बाजारांतून तें २०२० सालीं मागें घेण्यांत आलें. म्हणजे लहान जखमेलाहि किंमत असते. ती आज द्यावयाची कीं उद्यां, एवढाच प्रश्न. ज्याला चार दिवसांत कामावर जावयाचें आहे त्यानें सुई निवडली तर तो चुकला असें म्हणतां येणार नाहीं. फक्त हा सौदा त्याला आधीं समजावून सांगितलेला असावा.

आपल्याकडे अधिक आढळणारें दुखणें म्हणजे चापासारखें अडणारें बोट. नोटा या फ्रेंच वैद्यानें १८५० सालीं त्याचें वर्णन केलें. मधुमेह्यांत तें विशेष दिसतें. त्याचा पहिला उपाय विश्रांति व बोटाला आधार. दुसरा, कड्याजवळ स्टेरॉइडचें इंजेक्शन. पुष्कळांचें काम तेवढ्यानेंच भागतें. न भागल्यास कडें कापावें लागतें. तें तळहात उघडून कापीत असत. १९५८ सालीं लोर्थिऑर यानें बारीक पातें कातडींतून सरकवून तें कापल्याचे अनुभव प्रसिद्ध केले, आणि १९९२ सालीं ईस्टवुड व त्यांचे सहकारी यांनीं साध्या इंजेक्शनाच्या सुईनें हेंच काम दवाखान्याच्या खोलींत करण्याची रीत मांडली.

या रीतीची खुबी अशी कीं, तींत रुग्ण शल्यवैद्याचा सहकारी बनतो. हाताची तेवढीच जागा बधिर केलेली असते. सुई आंत गेल्यावर वैद्य बोट हलवावयास सांगतो. सुई डोलूं लागली म्हणजे ती कंडरेंत शिरली असें समजावयाचें. मग ती किंचित् मागें घेऊन कड्यावर फिरवावयाची. कडें तुटतांना बारीक करकर हाताला जाणवते. ती थांबली म्हणजे काम झालें. रुग्ण बोट मिटतो, उघडतो, आणि अडथळा गेला कीं नाहीं हें तेथेंच कळतें. परंतु सुई आंधळी असते. आंगठ्याचा मज्जातंतु तर तिच्या वाटेला अगदीं खेटून जातो. तेथें कित्येक शल्यवैद्य सुईऐवजीं लहानसा उघडा छेदच पत्करतात. छेद किती लहान ठेवावा याला अशी मर्यादा असते, आणि ती मर्यादा जाणणारा वैद्यच भरंवशाचा.

आतां तिसऱ्या कारणाकडे, म्हणजे कुष्ठरोगानें वांकणाऱ्या हाताकडे वळावयाचें. महाराष्ट्राचा या इतिहासाशीं खरा संबंध येतो तो येथें. या रोगाचा जंतु नॉर्वेच्या हॅन्सननें १८७३ सालीं शोधला. पण रुग्णाचीं बोटें या रोगांत झिजून गळून पडावयाचींच, अशी समजूत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत टिकली. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजांत १९४६ सालीं आलेले डॉ. पॉल ब्रँड यांनीं ती खोडून काढली. बोटें गळतात तीं बधिरपणामुळें झालेल्या जखमांनीं, आणि वांकतात तीं कांहीं ठराविक स्नायु निकामी झाल्यामुळें, हें त्यांनीं दाखविलें. कोपराखालचे कांहीं स्नायु या रोगांतहि शाबूत राहतात. त्यांपैकीं एकाची कंडरा लहान छेदांतून आणि कातडीखालच्या बोगद्यांतून बोटांपर्यंत नेली म्हणजे मिटलेला पंजा पुन्हां उघडतो. असा बोगदा करण्यासाठीं केलेला चिमटा आजहि ब्रँड यांच्या नांवानें ओळखला जातो.

पुण्याजवळ कोंढवा येथील कुष्ठरुग्णालयांत १९५० च्या दशकांत हेंच काम डॉ. नोशीर अंटिया यांनीं हातीं घेतलें. इंग्लंडांत सर हॅरल्ड गिलिस यांच्यापाशीं त्यांनीं पुनर्रचना-शल्यशास्त्राचें शिक्षण घेतलें होतें. पुढें मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई रुग्णालयांत त्यांनीं या विषयाचा विभाग उभारला. ज्यांना इतर रुग्णांच्या शेजारीं खाट मिळत नसे अशांच्या हातांवर त्यांनीं शस्त्रक्रिया केल्या. पण हात दुरुस्त करून माणूस घरीं गेला तरी गांवांतून येणारा पुढचा रुग्णहि हात वांकून गेल्यावरच येई. सुरवातीचा बधिर चट्टा कोणीं पाहिलेला नसे. शस्त्रक्रिया कितीहि कौशल्याची झाली तरी ती उशिराच होत होती. अखेर १९७० च्या दशकांत या शल्यवैद्यानें आपलें लक्ष खेड्याकडे वळविलें. त्यांनीं १९७५ सालीं सामाजिक आरोग्याच्या संशोधनासाठीं एक संस्था स्थापन केली. अलिबागजवळच्या मांडवा परिसरांत गांवच्या बायकांना, कित्येकींना लिहितांवाचतांहि येत नसतां, रोग ओळखण्याचें शिक्षण देण्यांत आलें. ज्या हातावर आपण छेद घेतला असता तो हात बिघडण्याआधींच कोणी तरी पाहावा, असा त्याचा अर्थ होता. हाताच्या शल्यशास्त्राच्या इतिहासांतील हें पाऊल कोणत्याहि सुईहून कमी महत्त्वाचें मानतां येणार नाहीं.

औषधांनींहि या विचाराला बळ दिलें. १९८१ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें कुष्ठरोगावर अनेक औषधें एकत्र देण्याची पद्धति पुरस्कारिली आणि १९८३ पासून भारताच्या राष्ट्रीय कार्यक्रमांत तिचा अवलंब झाला. ठराविक मुदतीच्या गोळ्यांनीं रोग बरा होऊं लागला. मज्जातंतूवर नुकताच, म्हणजे सहा महिन्यांच्या आंत, आघात झाला असेल तर स्टेरॉइडच्या गोळ्यांनीं हाताची शक्ति परत येण्याची आशा असते. त्यानंतर मात्र वाट शस्त्रक्रियेच्या टेबलाकडे जाते. गोळी कीं चाकू, याचा निकाल बहुधा कॅलेंडरच लावतें.

मुंबईनें या शोधांत आणखी एक भर घातली. भाजलेल्या किंवा यंत्रांत सांपडलेल्या हातांचे सांधे आखडून बसतात. तेथें कातडी, सांधा, कंडरा सर्वच आंखूड झालेलें असतें. सारें एकदम कापून ताणावयाचें तर मोठी जखम होते आणि कातडीहि पुरत नाहीं. मुंबईचे हस्तशल्यवैद्य डॉ. बी. बी. जोशी यांनीं १९८० च्या दशकांत निराळी युक्ति काढली. जर्मन शल्यवैद्य किर्शनर याच्या नांवाच्या बारीक पोलादी तारा कातडींतून हाडांत बसवावयाच्या, बाहेर त्या हलक्या कांबींना जोडावयाच्या आणि मळसूत्र रोज अगदीं थोडें फिरवून आखडलेलें बोट दिवसेंदिवस उलगडत न्यावयाचें. हाताला जखम म्हणजे केवळ तारांचीं छिद्रें. जोशी यांच्या नांवानेंच ओळखली जाणारी ही रचना पुढें लहान मुलांच्या जन्मतः वांकड्या पावलांसाठींहि वापरण्यांत आली. तिचें सामान साधें आणि स्वस्त. मात्र तीं छिद्रें स्वच्छ ठेवणें आणि मळसूत्र नेमानें फिरविणें हें काम आठवडेच्या आठवडे चालतें, आणि त्यांतील पुष्कळसें रुग्णाच्या घरच्या माणसांवर येऊन पडतें.

हा सर्व इतिहास घेऊन पुन्हां शहाद्याला यावें. रेल्वेचा तापी खोऱ्यांतील मार्ग नदीच्या दक्षिणेकडून नंदुरबारला जातो. शहाद्याच्या रुग्णाला प्रथम सडकेनें नदी ओलांडावी लागते. मोठ्या उपचारासाठीं लोक धुळें, सुरत, नाशिक, मुंबई गांठीत आले. नंदुरबार येथें २०२० सालीं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालें, त्यामुळें हें अंतर कांहींसें कमी झालें. पण सातपुड्यांतील एखाद्या पाड्यावरून शहाद्यापर्यंत येण्यासहि मजुरीचा एक दिवस खर्ची पडतो. म्हणून अडणारें बोट महिनोन्‌महिने तसेंच सोसलें जातें, बधिर चट्ट्याकडे तो दुखत नाहीं म्हणूनच दुर्लक्ष होतें, आणि चुलींत भाजलेला मुलाचा हात जखम भरली एवढ्यावरच बरा झाला असें समजलें जातें. ज्याला चाकूची भीति सर्वांत अधिक, त्याच्यावरच चाकूची वेळ सर्वांत आधीं येते, ती या उशिरामुळें.

“कापावें लागेल का?” या प्रश्नाला वैद्यकानें दोनशें वर्षांत बरेंच समाधानकारक उत्तर मिळविलें आहे. अडणाऱ्या बोटाला बहुधा आधार किंवा इंजेक्शन, नाहीं तर एक सुई. ओढलेल्या पडद्याला सुई किंवा चाकू, दोहोंचे गुणदोष सांगून. नुकत्याच दुर्बल झालेल्या मज्जातंतूला गोळ्या. आणि आखडून गेलेल्या हाताला तारा व पुष्कळसा धीर. या उत्तराची दुसरी बाजू मात्र दवाखान्यांत ठरत नाहीं. ती घरांत ठरते. जेवतांना एखाद्याचा घास पूर्वींसारखा बोटांत बसत नाहीं, मुलाला गरम भांड्याचा चटका कळत नाहीं, भाकरी थापतांना आईचें बोट अडतें, हें प्रथम पाहणारा डोळा घरच्या माणसाचा असतो. मांडव्याच्या बायकांना तो डोळा शिकवून देतां आला. शहाद्याच्या घरांत आणि पाड्यावर तो उघडा राहिला, तर तेथील पुष्कळ हातांवर जखम करण्याची वेळच येणार नाहीं.